सहा तुकडे, दहा स्क्रू

नवगावकरांचा फोन आला तेव्हा मी कोलशेतला
बत्तिसाव्या मजल्यावर एका गिऱ्हाइकाला समजावत होतो
की नवं पॉलिश मारलं की किंमत निम्मी.
"सहा आहेत," ते म्हणाले. "शिसवी नाहीत,
सागवानी नाहीत. वाकलेल्या आहेत."

चरई. तळ्यामागची गल्ली, दुसरा मजला.
मी सवयीनं पहिली खुर्ची उलटी केली.
लोकांना हा उद्धटपणा वाटतो,
पण खुर्चीचं नाव तिच्या पोटाखाली असतं.
कसरीनं अर्धं खाल्लेलं लेबल,
कुठल्याशा गावाचं उरलेलं शेपूट,
शेजारी लाकडात दाबलेला शिक्का.
बोट फिरवलं. खरा.

"बनवणारा कोण?"
एक सुतार, मी म्हणालो. युरोपातला, नदीकाठचा.
कोरणं सोडून त्यानं वाकवणं धरलं.
बीचच्या सरळ काठ्या मोदकांसारख्या वाफवायच्या,
बाहेर काढल्या की धावपळ:
साच्यावर दोघांनी दोन टोकं ओढायची.
आणि लाकूड तडकायचं, नेहमी बाहेरच्या अंगाला.
तर त्यानं बाहेरून पोलादी पट्टी बांधली.
ताण पट्टीनं सोसायचा,
लाकडानं नुसतं आतल्या आत दाटायचं.
वाळलं की पट्टी सोडा,
पुन्हा सरळ व्हायला बघत नाही.

नवगावकर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मुलगा अश्दोदला नेतोय.
शुक्रवार-शनिवार नको म्हटलं. रविवारचं विमान आहे."

पाचांचे पैसे ठरले.
एकीला प्लास्टिकचा वेत होता, त्याचे कापले.
सहावी खिडकीशी, भिंतीला पाठ टेकून.
तिच्या बैठकीची जाळी अशी ताठ
की टिचकी मारली तर वाजली.
"हिच्यावर कुणी बसलंच नाही?"
"ती एलियाहूची," ते म्हणाले,
चुलतभाऊ पेणहून यायचाय अशा सुरात.
"पोराची सुन्नत असली की लोक मागून न्यायचे.
माणसानं बसायचं नाही. तो येऊन बसतो.
वजन म्हणशील तर काही नाही त्याचं."

मी आकडा वाढवला.
परत वाढवला, लाज वाटेपर्यंत.
मूळ जाळी, मूळ लेबल, मूळ स्क्रू:
असा माल मी आयुष्यात पाहिला नव्हता.
ते हसले. "पेचकस आहे का तुझ्याकडे?"

त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून मी फरशीवर
आणि ते माझ्या, म्हणजे मी नुकत्याच घेतलेल्या, खुर्चीवर.
पाठ आणि मागचे पाय मिळून एकच लांब वळसा.
त्याच्या पोटातला लहान वळसा.
बैठकीचं कडं, पायांमधलं कडं, पुढचे दोन पाय.
दहा स्क्रू, दोन नट. एवढीच.
मीटरभर पेटाऱ्यात छत्तीस मावायच्या, मी सांगत होतो,
बसणं मागाहून, त्या सुतारानं
आधी हिचा प्रवास कागदावर काढला असणार.
"तेवीस किलोत बसेल?" नवगावकरांनी विचारलं.
काट्यावर साडेतीन भरली.
जुन्या चादरीत गुंडाळून टीव्हीच्या खोक्यात घातली,
पोकळ्यांमध्ये त्यांनी पोह्यांच्या पिशव्या कोंबल्या.
मलिद्याला तिकडचे चालत नाहीत म्हणे.

सोमवारी टेम्पो घेऊन गेलो.
किल्ली शेजारी होती.
खिडकीशी भिंतीवर कमानीएवढी खूण,
आणि फरशीच्या सांध्यात
एक स्क्रू.

मोजायला मी चुकलो, की त्यांनी
मुद्दाम, पण तसं ते करणार नाहीत.
नऊवरही उभी राहते ती खुर्ची. थोडी कुरकुरते.
फोन लावला तर इथला नंबर बंद.

पाचही गेल्या कोलशेतला.
गिऱ्हाइकानं त्या काचेसमोर ओळीनं मांडल्यात,
वर छोटे दिवे सोडलेत,
आणि कुणालाही बसू देत नाही.

स्क्रू माझ्या खिशात असतो.
रिक्षावाल्याला सुटे द्यायला हात घालावा,
तर तोच आधी बोटाला लागतो.