इथं जागा नाही

चरावण्याच्या उतारावर एकशे चाळीस काजू.
प्रत्येकाच्या बुंध्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर
मी एक पुडी बांधतो.
सुतळी, दोन गाठी, सालीवर खडूने आकडा.
पुडीतल्या औषधाचं नाव जयवंत माजिकांना सांगताना
जीभ तीनदा अडखळली.
मग म्हटलं, काका, हा वास आहे.
खोटं बोलणारा वास.

रोठ्याची मादी तिन्हीसांजेला येते,
मिशा पुढे करून सालीच्या भेगा चाचपत.
पुडी तिला सांगते:
इथं अंडी आधीच पडलीत,
भुसा गळतोय, डिंक वाहतोय,
तुझ्या पोरांना काही उरायचं नाही. पुढे जा, बाई.
झाड ठणठणीत असतं.
तरी ती ऐकते.

माजिक हसले.
पायांना बोंडांचा रस, घोट्यापर्यंत चिकट.
खाली भट्टीवर हुर्राक थेंब थेंब उतरत होतं,
अख्खा डोंगर आंबूस-गोड,
आणि त्यात माझी पुडी म्हणजे
शिगम्याच्या ढोलांत कुणी कानाशी कुजबुजावं.
'ऐकू जाईल तिला?'
जाईल, मी म्हटलं. मलाच खात्री नव्हती.

पाचच्या बसने साखळीला परततो.
हातांना, शर्टाला, डब्याच्या झाकणालाही तोच:
कापूर, गंजलेलं कुलूप, चुरगळलेली निरगुडी.
बस खच्चून भरलेली, माझ्या शेजारची सीट रिकामी.
लोक येतात, बसायला वाकतात,
नाक जरासं आक्रसतं,
आणि पुढे जाऊन दांडीला लटकतात.
माणूस कोण, भुंगेरा कोण,
हे वासाला कुणी शिकवलेलं नाही.

होंड्याला पिदाद चढली,
डोक्यावर बांगड्यांची रिकामी पाटी.
तिलाही वाट आपोआप मिळते.
टेकली, हुंगली, म्हणाली,
'तुजो वास वायट. म्हजो ताचेपरस वायट. सर मातसो.'
साखळीपर्यंत आम्ही दोघं ऐसपैस.

चौथ्या आठवड्यात मोजणी झाली.
एकशे चाळिसांत भुसा फक्त दोन झाडांखाली.
साहेब खूश, तक्ता हिरवा,
माजिकांनी बाटली आणून ठेवली जीपमध्ये.
मी लघवीला म्हणून चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे गेलो.

तिकडे बुधो गावकराचे काजू.
तक्त्यात तो नाही.
सात झाडांच्या मुळाशी तांबूस भुसा,
ओला, बोटाला चिकटणारा.
एक फांदी तर पिवळी पडून गेलेली.

'पुढे जा' म्हटलं होतं मी.
पुढे म्हणजे कुठे,
ते पुडीत भरलेलं नव्हतं.

पिशवीत नऊ पुड्या उरल्या होत्या.
वहीत लिहिलं: उन्हाने खराब.
रविवारी सुट्टीच्या दिवशी गेलो,
पोखरलेली सात सोडून
त्यांच्या शेजारच्या नऊ झाडांना बांधल्या.
बुधो काठी टेकून बघत राहिला.
पैसे किती, विचारलं नाही.
उलट विचारलं, ती आता कुठे जाणार?

त्याच्या बागेखाली ओहोळ आहे.
ओहोळापलीकडे आणखी काजू दिसतात.
कुणाचे ते,
मला अजून माहीत नाही.