धडा

डोस साडेसातला निघतो,
शिशाच्या डब्यात, बिजूच्या व्हॅनमधून.
एकशे दहा मिनिटांत निम्मा होतो,
वाट मोकळी असो वा नसो.
आज कुवेतवर धूळ उतरलीय,
पाचव्या रिंगरोडवर गाड्या दिवे लावून रांगतायत
आणि डबा न उघडताच
रिकामा होत चाललाय.

पोचला. मोजला. लागतो तेवढा आहे, जेमतेम.

कमालुद्दीन परकार, वय एक्क्याऐंशी,
शुवैख बंदरात टॅली क्लार्क, एकतीस वर्षं.
माझ्या बिल्ल्यावरचं इंग्रजी नाव
अक्षर अक्षर सोडवून म्हणाले,
"सावर्डेकर. म्हणजे आपल्याकडची.
मग हळू टोचशील."
वार विचारला, तर गुरुवार.
थोड्या वेळाने पुन्हा विचारला, गुरुवार.
आज सोमवार आहे.
त्यांच्या बंदरात गुरुवारी अर्धा दिवस असायचा,
सून म्हणाली, आणि पगाराचं पाकीटही.

इंजेक्शननंतर पन्नास मिनिटं थांबायचं.
औषध रक्तातून वर जातं,
जिथे चिकट साका बसलाय तिथे धरून राहतं,
बाकी ठिकाणांहून धुऊन निघतं.
सुनेला बाहेर बसवलं, पोटुशी आहे ती.
आता त्यांच्या अंगातून
न दिसणारा उजेड येतोय.
मीसुद्धा काचेपलीकडे.

काचेतून दिसलं,
चादरीवर बोट चालतंय.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
कुठल्यातरी फळीवरून पोती उतरत होती,
तांदळाची, नाहीतर साखरेची.
घाई नव्हती बोटाला,
पण एकही सुटत नसावं.

यंत्रात डोकं पट्ट्याने बांधलं.
वीस मिनिटं हलायचं नाही, म्हटलं.
हलले नाहीत.

पडद्यावर काप येऊ लागले.
निरोगी मेंदूत पांढऱ्या फांद्या सुट्या दिसतात
आणि फांद्यांमधून आकाश.
इथे आकाश भरून आलेलं,
काठापर्यंत.

वजनाआधी धडा करावा लागतो.
वाणी रिकाम्या डब्यासाठी
दुसऱ्या पारड्यात खडे टाकायचा, तसा.
आमचा धडा म्हणजे लहान मेंदू,
मागे, मानेच्या अंगाला,
जिथे हा साका सहसा जात नाही.
तोल सांभाळणारा तो:
फळीवर पडणारं पाऊल,
पेन्सिलीचा तो शेवटचा तिरका झोका.
त्याला एक धरायचं,
बाकीच्याला त्याने भागायचं.
मग एका मापावर आकडा येतो.
शून्य म्हणजे तरुणाचा मेंदू,
शंभर म्हणजे काय
ते लिहिणारे डॉक्टर वेगळे.
माझ्यापुढे त्र्याहत्तर.

"झाला?" उठून बसत म्हणाले.
"झालं. बुधवारी डॉक्टर सांगतील."
"गोष्ट डॉक्टर सांगेल.
तू मना आकडा सांग."

सांगायचा नसतो. नियम बरोबरच आहे.
आकडा साका मोजतो, विसरणं नाही.
मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या,
आकडा ऐंशीच्या घरात,
जाताना पार्किंगचे सुटे
फिल्स फिल्स मोजून दिले त्यांनी.
हे सगळं मी बोलले नाही.
चपला शोधायला वाकले,
उजवी उजव्या पायाशी ठेवली.

"कमी भरला असेल," ते म्हणाले,
"तर सही नको करू.
कप्तान कितीही ओरडू दे."

दुपारपर्यंत त्यांच्यातलं निम्मं जाईल,
मग त्या निम्म्याचं निम्मं.
रात्री सून जवळ बसली तरी चालेल.

चादर बदलताना पाहिलं,
बोटाची एकही रेघ उमटलेली नव्हती.
किती पोती उतरली
ते विचारायचं राहून गेलं.
पुढचा डोस अजून रस्त्यावर.