एकोण

सोहार बंदराच्या मागे, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
आमची खोली. खिडकीला काळा कागद,
एक पडदा, एक माईक,
आणि प्रत्येकासाठी खालीवर करावी लागणारी खुर्ची.
जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन
उन्हातली कामं बंद असतात.
तेवढ्यात माणसं येतात,
कपाळावर हेल्मेटचा वळ घेऊन.

काम सोपं आहे, मी सांगते.
समोर आकडा उमटेल,
तो मोठ्यानं वाचायचा, आपापल्या भाषेत.
आम्ही फक्त मधला वेळ मोजतो,
डोळ्याला दिसल्यापासून
आवाज फुटेपर्यंतचा.

डॉक्टर शमसा म्हणतात, माझी अरबी आणि तुझी मराठी
आकड्याच्या घरात एकाच दारानं शिरतात,
मागच्या. चौपन्न: आधी चार, मग पन्नास.
माझ्या लिपीचं एक वेळ ठीक, ती येतेच उजवीकडून.
पण तुझा डोळा एका टोकानं निघतो, जीभ दुसऱ्या,
त्यांची गाठ पडते कुठे?
हे विचारायलाच आम्हाला
तीन वर्षांचा निधी मिळाला आहे.

सहभागी क्रमांक एकोणतीस.
अब्दुलगनी नाखवा, क्रेनचालक, गाव दाभोळ.
त्याच्या केबिनला एसी आहे, दुपारची सुट्टी त्याला नव्हती.
तरी मुकादमाला सांगून आला.
बावीस वर्षं उंचावरून कंटेनरवरचे आकडे वाचतोय,
सदतीस, सहासष्ट, बावन्न
नारळ सोलावेत तसे सटासट सोलले त्यानं.
मग आला ५९.

पाच आणि नऊ. पडद्यावर साठ कुठेच नाहीत.
साठ बाहेरून आणायचे,
आणि आणल्या आणल्या
त्यातला एक परत करायचा.
नऊशे चाळीस मिलिसेकंद.
एकोणतीसला त्याहून जास्त.
एकोणसत्तरला तो नुसता
पडद्याकडे बघत राहिला.

शमसा मानेनं नाही म्हणाल्या.
मोठं माणूस वजाबाकी करत नाही,
शब्द अख्खा पाठ असतो, जिभेखाली ठेवलेला.
बाकीचे अकरा मराठी बघ, कुणीच अडखळलं नाही.
मग हा एकटाच का?
थकवा असेल, मी म्हटलं.
थकवा आकडे निवडून येत नाही, त्या म्हणाल्या,
आणि चहा सांगायला गेल्या.

शेवटी फॉर्म भरायचा होता.
वय. शिक्षण. झोप किती तास.
घरात माणसं किती?
एकोणपाच, तो म्हणाला.

मी हसले. असा आकडा नसतो, चाचा.
तो नाही हसला.
मोजून बघा, बाई. दाभोळला जाऊन मोजा.

रकान्यात फक्त अंक चालतात.
मी पाच लिहिला, खोडला.
चार लिहिला.
मग बराच वेळ कर्सर
लुकलुकत राहिला तिथे, त्याला कसली घाई.

रात्री प्रोग्रॅम चालवला.
सरासरीपासून फार लांब गेलेल्या वेळा तो आपोआप गाळतो,
तसा नियमच आहे, आणि नियम बरोबर आहे:
कुणी शिंकतं, कुणाचा फोन थरथरतो.
त्याच्या सहा वेळा गेल्या.
आलेख गुळगुळीत झाला.
मी त्या सहा ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात.
फाइलला नाव काय द्यावं सुचलं नाही, म्हणून तारीख दिली.

जाताना दाराशी थांबून त्यानं विचारलं होतं,
नव्व्याण्णवला का नाही म्हणत
एकोणशंभर?
तिथे एक कमी नसतो का?

काळ्या कागदाचा कोपरा फाटलाय,
तिथून क्रेनचा आकडा दिसत होता,
लोखंडाचा, रिकामा, वाऱ्यावर किंचित हलणारा.
मी उत्तर शोधत होते.
किती वेळ लागला, ते
कुणी मोजलं नाही.