हत्ती ओला दाखवू नये

करारात एकेचाळीस पानं आहेत आणि सव्विसाव्या पानावर लिहिलंय :
हत्ती रडताना दाखवू नये.
हत्ती झोपलेला दाखवू नये.
हत्ती ओला दाखवू नये.
मी सही केली. टॉवेलवरचा हत्ती.
राजेश्वरी तेव्हा एवढंच म्हणाली,
मग अंग कशानं पुसायचं लोकांनी?

कानाचा निळा नंबर देऊन ठरलेला.
अक्कलकोट रोडच्या डाइंगवाल्यानं तो चारदा चुकवला,
पाचव्यांदा जमला तेव्हा यल्लप्पानं सगळ्यांना भजी सांगितली,
पैसे माझ्या खात्यावर.
शंभरातले आठ हत्तीच्या मालकाला,
अठरा त्या बाजाराला, जिथं रस्ता नाही, फळी नाही, गिऱ्हाईकाचा घाम नाही.
वर होलोग्राम, मोजून दिलेले,
एक फाटला तरी हिशेब द्यायचा.
राजेश्वरी ते रात्री भांडी झाल्यावर चिकटवते,
हात कोरडे करून, नखाच्या टोकानं.

तीन आठवडे बरे गेले.
मग एका गुरुवारी आमच्याच पानावर, आमच्याच फोटोखाली
दुसराच कुणी येऊन बसला. एकशे एकोणपन्नास.
तेवढ्यात आमचं सूतसुद्धा येत नाही.
मी तक्रार केली.
शुक्रवारी पहाटे उत्तर :
प्रिय विक्रेता, आपला माल नकली असल्याचा संशय आहे.

आपला म्हणजे माझा.

करार पाठवला. वाचता येत नाही म्हणाले.
पुन्हा पाठवला, गच्चीवर उन्हात धरून,
चार कोपऱ्यांवर चार बॉबिनी ठेवून.
आता नाव जुळत नाही म्हणाले.
गाजूल. करारात ओ दोनदा, खात्यात यू.
आजोबा चालत आले तिकडून, तेव्हा इथल्या कारकुनानं
कानाला पडलं तसं लिहिलं, आणि कुणाचं काही अडलं नाही.
घरात तेलुगू, मागावर मराठी, उधारी वसुलीला कानडी,
बापानं एवढ्या भाषांत भांडणं केली,
प्रत्येक भांडणाला समोर एक तोंड होतं.
मला कधी श्रेया उत्तर देते, कधी रॉबिन.
दोघांचं शेवटचं वाक्य एकच :
आमच्या उत्तरानं आपलं समाधान झालं का?
खाली पाच चांदण्या, रिकाम्या.

अकराशे टॉवेल त्यांच्या भिवंडीच्या गोदामात.
विकायचे नाहीत.
ठेवायचे तर भाडं, परत आणायचे तर भाडं,
नष्ट करा म्हटलं तर त्याचेही नगामागे पैसे.

काल एक परत आला. कारण : वर्णनाप्रमाणे नाही.
उघडला तर आमचा नव्हताच.
चाळणीसारखा विरळ. होलोग्राम मात्र आमचा,
कुणीतरी सोलून त्यावर बसवलेला,
अलगद, नखाच्या टोकानं.
हत्तीला तोंड होतं. हसरं.
आमच्या हत्तीला तोंड नाही. पान अकरा.

बापाच्या हातात दिला.
मल्लेशम गाजूल, एक्याऐंशी पूर्ण, नजर गेलेली, बोटं शाबूत.
किनार चाचपली. एक धागा ओढला, तुटला.
म्हणाला, आपल्याकडचा नाही.
थोड्या वेळानं म्हणाला, घाईत होता बिचारा.
कोण? मी विचारलं, जरा जोरातच.
विणणारा, म्हणाला, आणि पाणी मागितलं.

मला राग तसाच शिल्लक ठेवायचा होता, उत्तर लिहायचं होतं अजून.

संध्याकाळी राजेश्वरीनं शेजारच्या सरगमांच्या नातवाला
त्याच टॉवेलात गुंडाळून न्हाणीतून आणलं.
पोटावर निळा डाग उठलेला, कानाएवढा.
पोरगं बोटानं घासत होतं, जात नव्हता, म्हणून खिदळत होतं.
हत्ती पुरता भिजला होता
आणि हसत होता.
मी फोटो काढला, पुरावा म्हणून पाठवला.

फाइल फार मोठी आहे, असं आलं.