सातशे बाय अठ्ठावीस

सलामतच्या दुकानात तीन टायर
एकाच खिळ्याला.
साडेचारशेचा, नऊशेचा,
आणि एक बावीसशेचा. त्याला हात लावायच्या आधी
मी पँटीला हात पुसले.

सायकल भाच्याची. नागपूरहून आली
एसटीच्या टपावर, बारीक चाकांची.
"हे तं बगळ्यावानी हाय," म्हणाली बेबीनंदा.
तिच्यावर रोज बावीस किलोमीटर,
आर्वीच्या शाळेत परीक्षानळ्या धुवायला.
रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मंजूर.
कडेनं सराटे, बाभूळ,
संत्र्याच्या पेट्यांतून निसटलेले खिळे.

साडेचारशेचा सलामतनं दुमडला,
नखानं दाबला.
"याचा उन्हाळ्यात पापड होते, सर."
मी सर नाही. त्यालाही माहीत आहे.

"एक काम करा. नऊशेचा पुढं लावा,
मांगं जुनाच चालू द्या.
मांगचा फुटला तं मानूस थांबते.
पुढचा फुटला तं पडते."

बावीसशेच्याकडे बघत
मी नऊशे काढले. वीस कमी होते.
त्यानं मोजलेच नाहीत.

आता पुढचं चाक काळंभोर, मागचं राखाडी.
रात्री बेबीनंदाच्या केसांतल्या आकड्यानं
सराटे उपटत बसतो.
काल मागून सात निघाले, पुढून दोन.
दोन तडकल्या परीक्षानळ्यांत
वेगवेगळे ठेवले,
वहीत लिहिले, तारखेसह.

"आन् हे तिसरं घर रिकामं काहून?"
ती विचारते.

मी दिवा बारीक करतो.