घासलेला आकडा

हार्लिंगेनच्या बंदरामागं, वीबच्या दुकानात
सायकल उलटी उभी आहे,
सीट फरशीला टेकून, चाकं वर.

येल्त्ये म्हणते, वडिलांनी कोरी घेतलेली,
लग्नाच्या वर्षी. सदतीस साली.

वीब लगेच काही बोलत नाही.
नखानं रंग खरवडतो: काळा, खाली हिरवा,
त्याखाली पुन्हा काळा, जुना, काचेसारखा.
मागच्या हबवरचं तेल पुसतो.
बारीक ठसा, एकोणचाळीस.
'चाक नंतर बदललं असेल.'
'असेल.'

मग रॉकेलचा बोळा फिरवतो
पेडलच्या आसाखाली, जिथं नंबर असतो.
नंबर नाही.
कानशीचे ओरखडे, तिरपे, घाईचे,
कडेला नवाचं शेपूट तेवढं उरलेलं.

कुणाची, कुणापासून लपवलेली,
की कुणाच्या दारातून उचललेली
त्या उपाशी हिवाळ्यात?
कानस दोनदा घसरलीय, पार नळीपर्यंत.

येल्त्ये पर्समध्ये चष्मा शोधतेय.
वीब बोटावर ग्रीस घेतो,
त्या जागी लावतो, जरा जाडच,
हात पुसतो
आणि चिठ्ठीवर लिहितो:
युद्धापूर्वीची.