साल

एव्होराच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर बेरीज मांडली:
तीन अधिक चार.
चार अधिक तीन असते,
तर थांबण्याचं बोललेच नसते, म्हणाल्या.
सात ते सातच. पण आधी कोण, याला किंमत.

मग वाटा.
काढून टाकू. किरणं देऊ.
नाहीतर दर सहा महिन्यांनी रक्त बघत राहू.
पहिल्या दोन्हींत काय गळत राहील, काय उठणार नाही,
तेही न लाजता सांगितलं.
देओलिंदा खिडकीबाहेरच्या गाडीचा नंबर वाचत बसली.

चाळीस उन्हाळे मी बूच सोललंय.
कुऱ्हाड सालीत शिरते तेव्हा आवाज पोकळ,
आतल्या जिवाला लागली की दबका.
त्याच्या आधी मनगट थांबलं पाहिजे.
नाहीतर झाड उभं राहतं,
त्या जागी साल मात्र पुन्हा धरत नाही.
विचारलं, बाई, तुमच्या यंत्राला ऐकू येतं का?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बहुतेक वेळा.

साल काढली की लाल खोडावर आम्ही साल लिहितो,
पांढऱ्या रंगात, शेवटचा आकडा फक्त.
पुढची नऊ वर्षं कुणी हात लावत नाही.
ओढ्याकाठच्या थोरल्यावर माझ्या हातचा पाच आहे.
त्याची पाळी येईल तेव्हा मी सत्त्याहत्तर.

रात्री दिवा मालवून देओलिंदा म्हणाली,
बेलार्मीनो, घोरणं तरी थांबेल का रे यानं?
आम्ही इतके हसलो की कुत्रं भुंकलं.
मग तिनं पाय माझ्या पायावर टाकला,
जड, गार, रोजचाच.

सोमवारी फोन करायचाय.
काय सांगायचं, ते सोमवारी.